डिमेन्शियाचं (स्मृतिभ्रंशाचं) ट्रेनिंग घेऊन नऊ महिने झाले, खरंच उपयोग होतो का?

न्यू जर्सीतल्या एका नर्सिंग होममध्ये मी सीएनए (सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट, म्हणजे रुग्णांची रोजची देखभाल करणारी मदतनीस) आहे. मेमरी केअर युनिट, म्हणजे डिमेन्शिया असलेल्यांचा विभाग, दुपारी तीन ते रात्री अकराची शिफ्ट. आपल्याकडच्या बऱ्याच जणी इथे आल्यावर या कामाचा विचार करतात आणि ट्रेनिंगबद्दल विचारतात, म्हणून सविस्तर लिहितेय.

अमेरिकेत नर्स एडला, म्हणजे आम्हा सीएनएंना, किमान 75 तासांचं प्रशिक्षण लागतं, पुढे दरवर्षी 12 तास. 2010च्या आरोग्य कायद्याने त्यात डिमेन्शिया आणि गैरवर्तन रोखणं हे विषय सक्तीचे केले. आमच्याकडे सरकारची ‘हँड इन हँड’ ही मोफत व्हिडिओ मालिका दाखवली. व्हिडिओ चांगलेच आहेत, पण मी खरं शिकले ते एका जुन्या नर्सने दोन दुपारी स्वतः करून दाखवलं त्यातून.

सगळ्यात कामाला आलं ते आंघोळीचं. माझ्याकडे एक निवृत्त शिक्षिका आहेत. शॉवरचं नाव काढलं की ओरडायच्या, चिमटे काढायच्या. मी त्यांना हट्टी समजायचे. पण त्यांच्या लेखी कोणी परकी बाई येऊन कपडे उतरवतेय, मग ओरडणार नाहीत तर काय? आता मी बाथरूम आधी गरम करून ठेवते. समोरूनच जाते, कारण त्यांना बाजूचं नीट दिसत नाही, मागून हात लावला की दचकतात. अंगावर मोठा ऊबदार टॉवेल तसाच ठेवून आधी पाय धुते, डोकं अगदी शेवटी. मनगट धरायचं नाही, त्यांच्या तळव्याखाली आपला तळवा ठेवायचा. तसा हात दिला की तोंड त्या स्वतःच पुसतात. तिसऱ्या आठवड्यात पायावर पाणी पडलं आणि बाई गुणगुणायला लागल्या. मला रडूच आलं.

दुसरं म्हणजे एका वेळी एकच गोष्ट सांगायची आणि उत्तराची वाट बघत मनात दहापर्यंत मोजायचं. हे फार अवघड आहे हो! आणि कोणी एकाएकी जास्त गोंधळलं तर ‘आजार वाढला’ म्हणून सोडून न देता लगेच चार्ज नर्सला (शिफ्टच्या प्रमुख नर्सला) सांगायचं. मार्चमध्ये एका आजोबांचं असंच झालं, तपासलं तर लघवीचा संसर्ग निघाला.

आमच्या वर्गात भाषेबद्दल मात्र अवाक्षर नव्हतं. एका मराठी आजींचं चाळीस वर्षांचं इंग्रजी गेलंय, मराठी तेवढं उरलंय. नंतर शिकलेली भाषा अशी आधी जाऊ शकते. मी ‘पाणी’, ‘दुखतंय’, ‘शू’ असे शब्द इंग्रजी अक्षरांत अर्थासकट लिहून त्यांच्या पलंगाशेजारी चिकटवले. आता फिलिपिनो एडसुद्धा वाकून विचारते, “दुखतंय?”, आणि आजी बोट दाखवतात.

माझी खरी तक्रार वेळेची आहे. एखादी एड आली नाही की माझ्या वाट्याला चौदा जण येतात. तेव्हा दहापर्यंत मोजणार कधी? शिकवता तर तसं वागायला शिफ्टमध्ये माणसंही द्या. अंधार पडला की त्या शिक्षिकाबाईंची घालमेल वाढते, म्हणून त्यांचा शॉवर चारला ठेवा असं मी लेखी मागितलं होतं. दीड महिन्याने का होईना, तेवढं झालं.

ट्रेनिंग घेणार असाल तर जिथे नुसते व्हिडिओ दाखवतात तिथे जाऊ नका. शिकवणारी तुमचा हात हातात घेऊन दाखवते का, हे आधी विचारा.