डावीकडे वळलं की डावीकडेच, उजवीकडे वळलं की उजवीकडेच

तीन ठिकाणी दाखवूनही बरी न झालेली माझी गाडी चौथ्या गॅरेजात बरी झाली. त्या गॅरेजबद्दल लिहायचंय, पण आधी गाडीचं दुखणं सांगते. मला ते नीट सांगता येत नव्हतं, म्हणूनच चार महिने गेले.

गाडी मोठी आहे. फोर बाय फोर, एअर सस्पेन्शन, लेदरच्या सीट, सगळं थाटाचं. सात वर्षं झाली, पहिल्या दिवसापासून मीच चालवते. रात्रभर पाऊस झाला की सकाळी पहिल्या वळणावर स्टिअरिंग जड लागायचं, तेही मध्येच एकदम घट्ट आणि लगेच सैल. अर्धा तास चालवली की बरंच हलकं व्हायचं. हायवेला मात्र वेगळाच त्रास होता. वळण संपवून हात सैल सोडला तरी स्टिअरिंग मधोमध यायचंच नाही, गाडी कडेला सरकत राहायची. सतत बारीक बारीक सावरत चालवावं लागे आणि उतरल्यावर मनगटं ठणकायची. मागच्या सीटवर सासूबाई असल्या की जीव मुठीत धरून चालवायचे. डॅशबोर्डवर मात्र एकही दिवा लागत नव्हता.

पहिल्या वर्कशॉपमध्ये दोनदा व्हील अलाइनमेंट झालं. हातात कागद मिळाला, सगळे आकडे हिरवे. दुसरीकडे पुढचे टायर डावे-उजवे बदलून पाहिले. ते बरोबरच होतं म्हणा, कारण दोष टायरात असता तर ओढ दुसऱ्या बाजूला गेली असती. काही फरक पडला नाही. तिसरीकडे गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारा स्कॅनर लावला, काही सापडलं नाही, तरी निकाल दिला की रॅक, म्हणजे पुढची चाकं वळवणारा भाग, गेला, पूर्ण नवीन टाकावा लागेल. मी हो म्हणणारच होते. दिराच्या आग्रहाखातर एकदा या चौथ्या गॅरेजात गेले.

इथल्या मिस्त्रींनी स्कॅनर हातात घेतलाच नाही. आधी विचारलं, “ताई, गाडी ओढते ती कायम एकाच बाजूला, की ज्या बाजूला वळलात त्याच बाजूला?”

चार महिन्यांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मीही सगळीकडे “गाडी ओढते” एवढंच सांगत होते. मग आठवून पाहिलं. डावं वळण घेतलं की डावीकडे जायची, उजवं घेतलं की उजवीकडे. ते म्हणाले, अलाइनमेंट किंवा टायरचा दोष असेल तर गाडी नेहमी एकाच बाजूला जाते. बाजू बदलत असेल तर कुठेतरी काहीतरी अडकून बसतंय. याला मेमरी स्टिअर म्हणतात, गाडीला मागचं वळण आठवत राहतं.

मग स्वतः चालवून आले आणि गाडी रॅम्पवर घेतली. पुढची चाकं अधांतरी, इंजिन चालू. स्टिअरिंगच्या वरच्या टोकाला पांढरी टेप लावली आणि ते अगदी सावकाश फिरवत गेले. हाताला जिथे अडलं तिथे टेपचा आणखी एक तुकडा. एक फेरी पूर्ण झाली तेव्हा असे दोन तुकडे झाले होते, बरोबर एकमेकांच्या समोर. पुढच्या फेरीत त्याच दोन जागा. तेवढ्यावरून ते म्हणाले, “एका फेरीत दोनदा अडतंय ना, मग हा क्रॉस. रॅक असा मोजून अडत नाही.”

स्टिअरिंगपासून खाली रॅकपर्यंत जाणारा दांडा सरळ जात नाही, त्याला कोन घ्यावा लागतो. त्यासाठी त्यात दोन सांधे असतात आणि प्रत्येक सांध्यात अधिक चिन्हासारखा क्रॉस. क्रॉसची चारही टोकं बारीक सुयांच्या बेअरिंगमध्ये हलतात. त्यातली एक जोडी जाम झाली की दांडा प्रत्येक अर्ध्या फेरीला अडतो.

नुसतं बोलून ते थांबले नाहीत, ते मला पटलं. इंजिन बंद केलं, चाकं सरळ केली आणि सीटबेल्ट स्टिअरिंगमधून ओवून ते बांधून टाकलं. दांडा सुटल्यावर स्टिअरिंग मोकळं गरगर फिरलं तर आतली एअरबॅगची वायर तुटते, म्हणून. मग खालचा बोल्ट काढून दांडा रॅकपासून वेगळा केला आणि पुढचं चाक हाताने ढकललं. रॅक या टोकापासून त्या टोकापर्यंत गुळगुळीत गेला. ज्या रॅकला गेला म्हणून सांगितलं होतं, तोच!

दांडा बाहेर काढून त्यांनी माझ्या हातात दिला. खालचा सांधा एका दिशेला लटलट हलत होता, दुसऱ्या दिशेला अंगठ्यांनी जोर लावूनही हलेना. पान्याने दाबला तेव्हा करकरला आणि बेअरिंगच्या टोपीखालून विटकरी रंगाची गंजाची पूड माझ्या तळहातावर पडली. हा सांधा चाकाच्या शेजारी असतो, पावसाचं पाणी थेट त्यावर उडतं आणि एक्झॉस्टची धग लागून ग्रीस सुकतं. सकाळी गार आणि ओला असताना घट्ट, तापला की थोडा सैल. माझं अर्ध्या तासाचं कोडं तिथेच सुटलं.

स्कॅनरला का दिसलं नाही, हेही मी विचारून घेतलं. माझ्या गाडीत हाताचा जोर मोजणारा सेन्सर रॅकच्या तोंडाशी, म्हणजे या सांध्याच्या खाली आहे. तिथल्या एका बारीक दांडीला किती पीळ बसला यावर स्टिअरिंग हलकं करणाऱ्या मोटरने किती मदत करायची ते ठरतं. सांधा वरच अडला की मदत मिळत नाही आणि स्टिअरिंग जड लागतं. वळणानंतर तोच अडकलेला सांधा दांडीला थोडा पीळ देऊन बसतो. मोटरला वाटतं, चालवणाऱ्यालाच अजून वळायचंय, आणि ती त्याच बाजूला जोर लावते. मोटर आणि सेन्सर आपलं काम चोख करत होते, मग स्कॅनरवर दोषाचा कोड येणार कुठून?

तेल सोडून, ठोकून सांधा मोकळा करा असं मीच सुचवलं होतं. ते ठाम नाही म्हणाले, स्टिअरिंगच्या दांड्याशी तडजोड नको. पूर्ण दांडा नवा, बोल्टही नवे. बसवण्याआधी दोन्ही क्रॉस एकमेकांशी जुळलेले आहेत ना, ते दाखवलं. कोनातला एक सांधा फिरताना थोडा पुढे-मागे होतो, दुसरा ते भरून काढतो, आणि दोघांची जुळणी चुकली तर नव्या दांड्यातही तसाच झोल येतो. शेवटी स्टिअरिंग किती वळलं ते मोजणाऱ्या अँगल सेन्सरचं कॅलिब्रेशन. स्कॅनर बाहेर निघाला तो तेव्हा.

तक्रारीही आहेत. एका दिवसाचं काम म्हणाले होते, चार दिवस लागले. पहिला दांडा चुकीचा आला, पण ते मला कुणी कळवलं नाही, तिन्ही संध्याकाळी मीच फोन करत बसले. बसायला धड जागा नाही. गाडी हातात आली तेव्हा सरळ रस्त्यावर स्टिअरिंग दोन बोटं उजवीकडे होतं. इतक्या बारकाईने काम करणाऱ्या माणसाने एकदा सरळ रस्त्यावर चालवून पाहायला हवं होतं. परत नेल्यावर वाद न घालता लगेच नीट करून दिलं, हेही सांगायला हवं.

याला आता सहा आठवडे झाले. परवा रात्रभर पाऊस पडला. सकाळी गाडी काढली, गेटबाहेरचं पहिलं वळण घेतलं आणि हात सैल सोडले. चाक तळव्यांखालून सरकत आपलं आपण मधोमध आलं.