ग्राहकाच्या मनात ‘गुप्त सूचना’ पेरायला शिकवणारा कोर्स घेण्याआधी हे वाचा

ग्राहकाला पत्ता लागू न देता त्याच्या मनात सूचना पेरायची आणि त्याला खरेदीकडे वळवायचं, असं शिकवणारा ऑनलाइन कोर्स मी पैसे भरून घेतला. सोबत ऑडिओ फाइल्स होत्या. दुकानात हळू आवाजात लावून ठेवायच्या. संगीताखाली दडवलेली वाक्यं गिऱ्हाइकाचं सुप्त मन ऐकतं, असा दावा. विक्रीत काडीचाही फरक पडला नाही. रिफंड मागितला तर उत्तर आलं, “शंका तुमच्याच मनात आहे, म्हणून सूचना पोचत नाहीत.” म्हणजे गुण आला तर कोर्सचा, नाही आला तर दोष तुमचा. असल्या दाव्याला खोटं ठरवायला जागाच ठेवलेली नसते.

पुरावा म्हणून त्यांनी 1957 सालचा अमेरिकेतला किस्सा सांगितला होता. न्यू जर्सीतल्या एका चित्रपटगृहात जेम्स व्हिकरी या बाजार-संशोधकाने पडद्यावर निमिषभर ‘पॉपकॉर्न खा’, ‘कोका-कोला प्या’ असे शब्द चमकवले आणि विक्री झपाट्याने वाढली म्हणे. पुढची गोष्ट मात्र कोर्समध्ये नव्हती. 1962 साली व्हिकरीनेच मुलाखतीत कबूल केलं, की हाताशी असलेली माहिती निष्कर्ष काढण्याइतकी नव्हतीच. 1958 साली कॅनडाच्या सीबीसी वाहिनीने एका कार्यक्रमात ‘आत्ता फोन करा’ हा संदेश शेकडो वेळा चमकवला. फोन काही वाढले नाहीत.

अशा छुप्या संदेशांचा परिणाम अगदी शून्य असतो असंही नाही. 2006 साली नेदरलँड्समधल्या संशोधकांना प्रयोगशाळेत पेयाच्या निवडीवर परिणाम दिसला, पण तो मुळात तहानलेल्या लोकांवरच. नसलेली इच्छा त्यातून निर्माण झाली नाही.

ऑडिओबद्दलचा प्रयोग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मानसशास्त्रज्ञ अँथनी ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी 1991 साली तो प्रसिद्ध केला. स्मरणशक्ती वाढवणाऱ्या आणि आत्मविश्वास वाढवणाऱ्या म्हणून बाजारात मिळणाऱ्या कॅसेट त्यांनी लोकांना ऐकायला दिल्या, पण काहींची लेबलं अदलाबदल करून. महिनाभराने चाचणी घेतली तेव्हा आतल्या संदेशांचा परिणाम काहीच दिसला नाही. तरीही अनेकांना लेबलावर लिहिलेली सुधारणा स्वतःत झाल्यासारखी वाटत होती! कोर्सच्या पानावरचे ‘माझं आयुष्य बदललं’ म्हणणारे व्हिडिओ पाहताना हे आठवा. बोलणारी माणसं प्रामाणिकही असू शकतात.

मग निवडीवर प्रभाव पडतच नाही का? पडतो, आणि तो माझ्यावर उघड-उघड पाडला गेला. आधी फुकट सत्र. त्यात दर थोड्या वेळाने ‘पटलं तर हो लिहा’. मग अगदी किरकोळ फीचं पुस्तक, आणि शेवटी मोठा कोर्स. छोटा होकार मिळवला की मोठा मिळवणं सोपं जातं, हे फ्रीडमन आणि फ्रेझर या मानसशास्त्रज्ञांनी 1966 सालीच दाखवलं होतं. घरासमोर वाहन जपून चालवण्याचा भला मोठा, बेढब फलक लावू द्याल का, असं थेट विचारल्यावर 17 टक्के लोक तयार झाले. आधी त्याच विषयाचं छोटं चिन्ह लावायला होकार दिलेल्यांपैकी 76 टक्के.

किंमत सांगतानाही आधी अवाढव्य आकडा दाखवून त्यावर काट मारली. टव्हर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांच्या 1974 सालच्या लेखातल्या प्रयोगात, चक्र फिरवून आलेला निरर्थक आकडासुद्धा लोकांचा अंदाज आपल्याकडे ओढत होता. इथे तर आकडा मुद्दाम निवडलेला होता. शेजारी उलटं मोजणारं घड्याळ. ते शून्यावर गेल्यानंतर मी पान पुन्हा उघडलं, तर मोजणी नव्याने सुरू!

असं घड्याळ दिसलं की पैसे न भरता पान बंद करा आणि दुसऱ्या दिवशी उघडून बघा. रिफंडच्या अटी आधी लेखी मागा. त्यात ‘पूर्ण श्रद्धेने केल्यास’ असलं काही असेल तर तो रिफंड मिळणार नाही असंच धरून चाला. पैसे भरून बसला असाल तर जाहिरातीचे, चॅटचे आणि पावतीचे स्क्रीनशॉट आजच घ्या, कारण माझ्या तक्रारीनंतर त्यांच्या पानावरचा हमीचा मजकूर बदलला गेला. कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेकडे लगेच वाद नोंदवा. त्याला मुदत असते.