पायलट व्हायला निघालात? आधी पैसे कुणाच्या खात्यात जाताहेत ते बघा

१८,४४,००० रुपये. पायलट व्हायचं म्हणून एका क्लासला दिलेले. आकडा आधीच लिहून टाकते, कारण पोलिसांपासून आत्यापर्यंत सगळे पहिला प्रश्न तोच विचारतात. दुसरा ठरलेला असतो : "अगं पण एवढे दिलेसच कसे?" कसे दिले ते सांगते. आपण असे कधीच फसलो नसतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी खुशाल तसं वाटून घ्यावं.

नोंदणी ५१,०००. ग्राउंड क्लासेस (थिअरीचे) २,७५,०००. फ्लाइंगचा 'ब्लॉक', म्हणजे उड्डाणाच्या तासांचा गठ्ठा, ९,००,०००. एकरकमी भरला की तासाचा दर कमी पडतो म्हणे. हॉस्टेल, युनिफॉर्म आणि हेडसेट मिळून ७८,०००. पुढचा हप्ता ५,४०,०००. यातले बरेचसे बाबांच्या ग्रॅच्युइटीचे, काही आईच्या पाटल्यांचे, बाकीचे मी नोकरी करून साठवलेले. बदल्यात लॉगबुकात (उड्डाणांच्या नोंदवहीत) १४ तास २० मिनिटं, एक वापरलेला हेडसेट आणि खांद्यावर पट्ट्या लावायचा पांढरा शर्ट.

असे धंदे कसे चालतात ते सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे काचेचं ऑफिस, भिंतीवरचे विमानांचे फोटो, गोड बोलणारी काउन्सेलर वगैरे वर्णन करत बसत नाही. अंधेरी पूर्व, एवढं पुरे. तिथे एक 'कॅप्टन सर' बसायचे. ऑफिसच्या खुर्चीत, एसीमध्ये, खांद्यावर कॅप्टनच्या चार पट्ट्या लावून. (जमिनीवर टेबलामागे बसलेला माणूस चार पट्ट्या लावून का बसतो, हा प्रश्न फुकट आहे, जरूर विचारा.) ते सुरुवात जेआरडी टाटांपासून करायचे. १९२९ साली भारतातलं पहिलं पायलट लायसन्स, १९३२ साली कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरलेलं विमान. "तुम्ही मुंबईची मुलं, हे तुमच्या रक्तात आहे." बाबांचे डोळे भरून आले होते.

रक्तात असेल, पण मुंबईत विमान शिकायचं कुठे? जुहूवर आता मुख्यतः हेलिकॉप्टरं. छोटं विमान शिकायचं तर बारामती, धुळे, गोंदिया असं कुठेतरी जावं लागतं. ही मधली सगळी दलाल मंडळी त्या अंतरावरच जगतात. शाळा शेकडो किलोमीटर लांब, पालक भांडुपला, आणि पैसे घेणारं ऑफिस अंधेरीला. 'आमचं टायअप आहे' या तीन शब्दांवर माझे नऊ लाख गेले. टायअपचा कागद मागा. दोन्ही बाजूंच्या सह्यांचा. "कॉन्फिडेन्शियल आहे" म्हणाले तर चहा न पिता उठा.

खरं सांगायचं तर त्यांनी सांगितलेलं बहुतेक सगळं खरं होतं, आणि हेच लोकांना पटत नाही. सीपीएलला, म्हणजे व्यावसायिक पायलटच्या लायसन्सला, २०० तास लागतात, त्यात १०० तास पायलट-इन-कमांड (विमानाची जबाबदारी स्वतःवर), २० तास क्रॉस-कंट्री (लांब पल्ल्याचे), १० तास इन्स्ट्रुमेंट (फक्त उपकरणं बघून), रात्रीचे ५ तास. सगळं बरोबर. आधी क्लास टू मेडिकल, मग क्लास वन; डीजीसीएचा, म्हणजे विमानवाहतुकीचं नियमन करणाऱ्या सरकारी खात्याचा, कॉम्प्युटर नंबर (परीक्षेसाठी लागतो तो); पेपरला ७० टक्के. हेही बरोबर. मी एकेक गोष्ट नियमांत तपासली होती. जो माणूस दहा गोष्टी खऱ्या सांगतो, त्याच्या अकराव्या गोष्टीवर संशय घ्यायचा तो नेमका कुठून?

अकरावी गोष्ट ही : ते स्वतः एफटीओ (मान्यताप्राप्त फ्लाइंग शाळा) नव्हतेच. फ्लाइंग शिकवायची परवानगी शाळेला असते, क्लासला नाही. मान्यताप्राप्त शाळांची यादी डीजीसीएच्या वेबसाइटवर असते, २०२५ पासून तर शाळांची प्रतवारीही जाहीर होते. मी यादी बघितली होती! शाळेचं नाव यादीत होतं. पावतीवर मात्र नाव होतं क्लासचं, आणि चालू खातं एका भलत्याच प्रोप्रायटरच्या नावावर. यादीतलं नाव, पावतीवरचं नाव आणि खात्यावरचं नाव, तिन्ही एकच असल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

आता ती सकाळ. आठवली की अजून दातओठ खावेसे वाटतात. ऊन चढलं की हवा उसळायला लागते, म्हणून शिकाऊंच्या सॉर्टी, म्हणजे उड्डाणाच्या फेऱ्या, सकाळी लवकर असतात. मी सेसना १५२ या छोट्या विमानाची बाहेरून तपासणी करत होते. पंखाखालून थोडं इंधन काढायचं, पाणी उतरलं नाही ना ते उजेडात धरून बघायचं. तो अ‍ॅव्हगॅसचा निळसर रंग मला फार आवडायचा. तेवढ्यात शाळेच्या ऑफिसातला अकाउंट्सचा मुलगा वही घेऊन आला. "मॅडम, आजच्या तासाचे कॅश देणार की यूपीआय?"

मी म्हटलं, माझं पॅकेज भरलेलं आहे.

"इथे तुमच्या नावावर काही जमा नाही. अंधेरीवाले रोजचे रोज पाठवतात, आज आलेले नाहीत." मग बाजूला जाऊन, पाठ फिरवून तो फोनवर बोलला. परत आला. "आले. जा."

आले! नऊ लाख ज्यांच्याकडे भरलेत ते शाळेला एकेका तासाचे सुटे पैसे पाठवताहेत, आणि तेही मी विमानाशी उभी राहिल्यावर. सगळी फसवणूक त्या मुलाच्या वहीत लिहिलेली होती. माझ्यापासून हातभर अंतरावर. वही उलटी धरली होती त्याने, मला आकडे दिसत होते.

पण मला सांगा, त्या क्षणी काय करणार होते मी? इन्स्ट्रक्टर आत बसून घड्याळ बघत होते, वारा शांत होता, कित्येक आठवडे थांबून स्लॉट मिळाला होता, सोलोच्या (एकटीने उडायच्या) आधीची सर्किट्स (धावपट्टीभोवतीच्या फेऱ्या) चालू होती. अशा वेळी कोण म्हणेल, "सर उतरा, मला आधी हिशेब दाखवा"? संध्याकाळी फोन केला तर काउन्सेलर हसून म्हणाली, "अगं, तो नवीन आहे, त्याला सिस्टिम माहीत नाही." आणि त्याच महिन्यात मी ५,४०,००० भरले. होय, त्यानंतर. "जूनपासून रेट वाढतोय, आत्ता भरलंस तर सीनियॉरिटी मिळेल."

हप्ता गेला आणि विमान थांबलं. आधी पावसाळा. मग शंभर तासांची तपासणी. मग सुटा भाग यायचाय. मग इन्स्ट्रक्टर एअरलाइनला लागले. यातलं एकेक कारण या क्षेत्रात खरंखुरं असतं, कुठल्याही फ्लाइंगच्या मुलाला विचारा. नंतर शाळेत थेट फोन केल्यावर कळलं की माझ्या वेळी यातलं काहीच नव्हतं, विमानं रोज उडत होती. शाळा अंधेरीवाल्यांकडून तासाला १३,५०० घेत होती. म्हणजे माझ्या तासांचं बिल झालं १,९३,५००. शेवटी शेवटी शाळेने उधारीवर उडवलं, त्यातले ४०,५०० अंधेरीवाल्यांनी बुडवले, म्हणून शाळेने माझं लॉगबुक अडकवून ठेवलं. चोरी माझ्याच घरी आणि जप्तीही माझ्याच घरी. लॉगबुकाच्या प्रत्येक पानाचा फोटो त्याच दिवशी काढत जा.

यापुढचं लिहिताना बोटं तापतात. अंधेरी भागातल्या एका पोलीस ठाण्यात (नाव घेत नाही) बाकड्यावर बसवून ठेवलं, मग साहेब म्हणाले, "ताई, विमान उडवलंत ना तुम्ही? मग फसवणूक कुठे झाली? हा दिवाणी वाद आहे." मी म्हटलं, २०० तासांचे पैसे मागून १४ तास दिले. "म्हणजे काहीतरी दिलं ना." मग सल्ला, की विमान जिथे उडालं त्या जिल्ह्यात जा. तिथले म्हणाले, पैसे मुंबईत दिलेत, मुंबईत जा. झिरो एफआयआर नावाची गोष्ट कायद्यात आहे, गुन्हा कुठेही घडलेला असो, नोंदवून घ्यावाच लागतो. दखलपात्र गुन्हा असेल तर एफआयआर टाळता येत नाही हे सुप्रीम कोर्टाने २०१३च्या ललिताकुमारी निकालात सांगितलंय. वकिलांनी दिलेलं त्या निकालाचं प्रिंटआउट मी पुढे केलं. साहेबांनी त्यावर चहाचा ग्लास ठेवला. जुनं चारशेवीस आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय, हे त्यांना मी सांगितलं. मी! शेवटी मिळाला तो साध्या अर्जावरचा इनवर्डचा (अर्ज मिळाल्याचा) शिक्का.

मग दिल्लीतल्या एका सरकारी कार्यालयाला ईमेल. उत्तर यायला ऋतू बदलला. आलं ते असं, की सदर संस्था मान्यताप्राप्त नसल्याने आमच्या कक्षेत येत नाही. म्हणजे परवाना काढून काम करणाऱ्याला हिशेब द्यावा लागतो, परवाना न काढता लाखो उकळणारा मोकळा! मग शाळेबद्दल विचारलं, ती तर तुमच्या कक्षेत येते ना? त्यावर : आपला त्या संस्थेशी थेट करार दिसत नाही. बँकेने तर आरटीजीएस मी स्वतः सही करून केल्याचं ठळक अक्षरांत कळवलं. जणू मी नाकारतच होते. ऑनलाइन पैसे गेले असतील आणि तास-दोन तासच झाले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. माझ्या बाबतीत ती वेळ कधीच निघून गेली होती.

आता ग्राहक आयोगात तक्रार दाखल आहे. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात जाता येतं. तारखा पडताहेत. समोरून कुणी येत नाही. क्लास वन मेडिकलची मुदत बारा महिन्यांची असते, ती माझी या तारखांच्या नादात संपली.

मध्यंतरी काउन्सेलरचा फोन आला होता. चार लाख देतो, "माझी कोणतीही तक्रार नाही" असं स्टॅम्प पेपरवर लिहून द्या. मी नाही दिलं. माझ्या बॅचच्या काही मुलांनी दिलं, आणि त्यांच्या हातात पुढच्या तारखांचे चेक पडले. ते चेक न वटता परत आले आहेत. त्यांच्यासाठी आणि अजून ज्यांच्या हातात असे चेक आहेत त्यांच्यासाठी : बँकेचा चेक परतल्याचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे, तरच चेक न वटल्याची कलम १३८ची केस उभी राहते. "पुढच्या सोमवारी परत टाका, नक्की पास होईल" असा फोन येईल. सोमवारची वाट बघू नका, नोटीस स्पीड पोस्टाने आजच पाठवा आणि पावती जपून ठेवा.