‘द हू’ची ४५ आरपीएम सिंगल: नऊ महिन्यांनंतर

‘द हू’ या ब्रिटिश रॉक बँडच्या या छोट्या तबकडीच्या मधल्या मोठ्या भोकात बसवायच्या चकतीला, म्हणजे अ‍ॅडाप्टरला, परवा तडा गेला, म्हणून लिहायला बसलो. एका बाजूला ‘द लास्ट टाइम’ आणि मागच्या बाजूला ‘अंडर माय थंब’, दोन्ही मूळची ‘रोलिंग स्टोन्स’ या बँडची गाणी. लंडनमधल्या एका जुन्या रेकॉर्ड्सच्या दुकानात बारा पौंड मोजून घेतली होती. तबकडीचा मधला भाग ज्यूकबॉक्ससाठी (नाणं टाकून गाणी वाजवायच्या यंत्रासाठी) काढून टाकलेला आहे, हे दुकानदाराने सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी परत घेऊन गेलो तर सरळ नकार. दोन पौंडांचा प्लास्टिकचा अ‍ॅडाप्टर वेगळा घ्यावा लागला. तोही सैल. तबकडी जरा सरकायची आणि लांबवलेला सूर हेलकावे खायचा. याचा राग अजून गेलेला नाही.

बास फार पातळ लागायचा. त्याचा दोषही मी त्या भोकालाच देत होतो. नवी सुई बसवली, टोनआर्मचं वजन तपासलं, स्पीकर हलवून पाहिले. काही फरक नाही. शेवटी कळलं, ‘द हू’चा बासवादक जॉन एंटविसल या रेकॉर्डवर नाहीच! तो मधुचंद्राला गेला होता आणि बास त्यांच्या गिटारवादकाने, पीट टाउनशेंडने वाजवला. त्यांच्याच ‘माय जनरेशन’ गाण्यातला बास कानात बसलेल्याला ही उणीव पहिल्याच कडव्यात टोचते. त्यांची आधीची ‘पिक्चर्स ऑफ लिली’ विक्रीच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेल्यानंतरची ही सिंगल, आणि ब्रिटनमध्ये ४४व्या क्रमांकाच्या वर चढली नाही. तेव्हा म्हटलं, बरोबरच आहे.

आता तसं वाटत नाही. जून १९६७च्या अखेरीस अमली पदार्थांच्या खटल्यात ‘रोलिंग स्टोन्स’च्या मिक जॅगरला तीन महिन्यांची आणि कीथ रिचर्ड्सला वर्षाची शिक्षा झाली. दोघे तुरुंगात असेपर्यंत त्यांची गाणी आम्ही काढत राहू, असं ‘द हू’ने जाहीर केलं आणि एंटविसलची वाट न पाहता ही दोन गाणी बाजारात आणली. तोवर दोघांना जामीनही मिळाला होता. मग घ्यायचं कोणी? ‘द लास्ट टाइम’ तर ‘रोलिंग स्टोन्स’नी १९६५मध्येच पहिल्या क्रमांकावर नेलं होतं. पण मित्र अडकलेत म्हणून हातातलं काम टाकून धावलेली माणसं या रेकॉर्डमध्ये ऐकू येतात, आणि मला ती फार जवळची वाटतात. कीथ मूनचे ड्रम्स तर धावत सुटलेलेच आहेत. मूळ ‘अंडर माय थंब’मध्ये ‘रोलिंग स्टोन्स’च्या ब्रायन जोन्सचा मारिंबा (लाकडी पट्ट्यांवर वाजवायचं वाद्य) आहे, इथे ती धून गिटारवर येते. अलीकडे मी हीच बाजू जास्त लावतो.

नवा अ‍ॅडाप्टर धातूचा घेतला, सहा पौंड. घट्ट बसतो. सूर आता हलत नाही. बास आहे तेवढाच आहे. घेणार असाल तर तबकडीचा मधला भाग शाबूत आहे का, ते दुकानातच पाकिटातून काढून बघा.