अंडरहिलबाईंचं ‘मिस्टिसिझम’ : पुस्तक सोनं, छपाई माती

पाच तारे बाईंना, दोन छपाईला. इंग्रज लेखिका ईव्हलिन अंडरहिल यांचा गूढवादावरचा, म्हणजे ईश्वराच्या थेट अनुभवावरचा, हा ग्रंथ १९११ साली आला, तेव्हा त्या पस्तिशीत होत्या. ख्रिस्ती संतांचा प्रवास, जागृतीपासून ऐक्यापर्यंत पाच टप्प्यांत. वारकरी घरात वाढलेय, त्यामुळे त्यातला विरह ओळखीचाच वाटला. पुढे त्यांनी टागोरांबरोबर कबीराची पदं इंग्रजीत आणली, याचं मग नवल वाटलं नाही.

पण नौपाड्यात घरपोच आलेली प्रत म्हणजे निव्वळ स्कॅन. तळटीपा मुंगीएवढ्या. कहर म्हणजे ‘आत्म्याची काळोखी रात्र’ या प्रकरणाचीच चार पानं पांढरीफटक! विक्रेता म्हणतो, सात दिवस उलटले, परत घेणार नाही. अहो, तिथवर पोचायलाच मला महिना लागला.