शटडाऊन घेऊन मेगर मारायचा, की चालू लाइनवर डिस्चार्ज पाहायचा?

मेगर म्हणजे डीसी व्होल्टेज लावून इन्सुलेशनचा रोध मोजणारं उपकरण. डिस्चार्ज म्हणजे पार्शल डिस्चार्ज, इन्सुलेशनच्या कमकुवत जागी उडणाऱ्या बारीक ठिणग्या. ६.६ आणि ११ केव्हीच्या मोटरी, केबली सांभाळताना मी दोन्ही वापरून पाहिलं आहे.

मेगर साधा आणि खात्रीचा. ओलावा, धूळ, तेलाचा थर वाइंडिंगभर पसरला असेल तर तो लगेच सांगतो. बरेच दिवस बंद पडलेली मोटर मेगर मारल्याशिवाय मी आजही चालू करू देत नाही.

मला खटकत गेली ती एकच गोष्ट. केबल आणि मोटर वेगवेगळी तपासायची तर दर वेळी केबल बॉक्स उघडायचा. परमिट, साठलेला चार्ज काढणं, अर्थिंग, मग लग (केबलच्या टोकाचे जोड) सोडवायचे, प्रत्येक फेजला दहा मिनिटं थांबायचं, आणि सगळं पुन्हा टॉर्क लावून बांधायचं. धडधाकट टर्मिनेशनला (केबलच्या टोकाच्या बांधणीला) उगाच हात लागतो. एवढं करून एका ११ केव्ही फिडरचं (वीज नेणाऱ्या केबलचं) रीडिंग गिगाओहममध्ये, म्हणजे उत्तम आलं, आणि सहा आठवड्यांनी तेच टर्मिनेशन उडालं. उघडून पाहिलं तर सेमीकॉन (इन्सुलेशनवरचा अर्धवाहक थर) जिथे कापला होता तिथे इन्सुलेशनवर ब्लेडची बारीक चीर, आणि तिच्यातून झाडाच्या फांद्यांसारख्या फुटलेल्या काळ्या रेषा. मेगरला ती दिसणं शक्यच नव्हतं. चीर सोडून उरलेलं इन्सुलेशन शाबूत असलं की डीसीची गळती जवळजवळ बदलत नाही. डिस्चार्ज होतो तो एसीच्या ताणाखाली.

म्हणून पुढे पार्शल डिस्चार्जचे सेन्सर बसवले: केबलच्या स्क्रीनच्या (धातूच्या आवरणाच्या) अर्थिंगवर एचएफसीटी, म्हणजे उच्च वारंवारतेचा प्रवाह टिपणारा क्लॅम्प; पॅनेलच्या दारावर टीईव्ही, म्हणजे डिस्चार्जमुळे पॅनेलच्या धातूवर उमटणारं क्षणिक व्होल्टेज टिपणारा सेन्सर. पहिले काही महिने त्रासाचे गेले, कारण मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचा गोंगाटही त्यात येतो. पण ड्राइव्हचे टोले स्वतःच्या लयीत पडतात, डिस्चार्जचे पुंजके एसीच्या सायकलला धरून, अर्ध्या सायकलच्या अंतराने. नजर बसली की फरक कळतो. एका फिडरचा आलेख हळूहळू चढत गेला. ठरलेल्या बंदमध्ये बॉक्स उघडला, तर दोन फेजचे कोर (केबलमधल्या इन्सुलेशन असलेल्या तारा) एकमेकांना टेकलेले आणि त्या जागी पांढरी भुकटी. दमट हवेत डिस्चार्जमुळे नायट्रिक ॲसिड तयार होतं, त्याचीच ही खूण. साफ करून कोर लांब केले, आलेख खाली आला.

जुन्या एक्सएलपीई (प्लास्टिक इन्सुलेशनच्या) केबलीतल्या वॉटर ट्रीमधून, म्हणजे ओलाव्यामुळे इन्सुलेशनमध्ये फुटलेल्या फांद्यांमधून मात्र सहसा डिस्चार्ज होत नाही. तिथे ०.१ हर्ट्‌झवर टॅन डेल्टाच (इन्सुलेशनमध्ये वाया जाणाऱ्या ऊर्जेचं माप) घ्यावा लागतो, तोही शटडाऊनमध्ये.

मोटरी मोजक्याच असतील आणि वर्षातून एकदा बंद हमखास मिळत असेल, तर मेगरवर भागेलही. तुमच्याकडचं चित्र माझ्यापेक्षा वेगळं असू शकतं. पण बंद मिळवण्यासाठी महिनोन्‌महिने मागे लागावं लागत असेल, तर मी सेन्सरकडे झुकेन. मिळेल त्या पहिल्या शटडाऊनमध्ये बसवून घ्या. फक्त एचएफसीटीचा क्लॅम्प अर्थिंगच्या पट्टीवरच घाला. कोर आणि पट्टी दोन्ही आत घेतली, तर जाणारा-येणारा प्रवाह एकमेकांना खोडतो, आणि आत डिस्चार्ज चालू असताना पडद्यावर सगळं शांत दिसतं.