फास्टएपीआय आठ महिने वापरल्यावर: मेसच्या खाड्याची वही फोनवर आणताना

सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत आम्ही चौघांनी फास्टएपीआय, म्हणजे अ‍ॅपची सर्व्हरकडची बाजू लिहायचं पायथनचं फ्रेमवर्क, वापरलं. सुरुवात शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून झाली, पण नोव्हेंबरपासून ते रोजच्या वापरात आहे. सांगलीतल्या आमच्या मेसवर १४० जणांचा स्वयंपाक त्यावरून ठरतो.

आधी काम काय होतं ते सांगतो. मेसवर खाडा सांगायचा म्हणजे दाराशी टांगलेल्या वहीत रात्री नऊच्या आत नाव लिहायचं. महिनाअखेरीला काकू वही घेऊन बसणार, खाडे मोजणार, बिलातून वजा करणार. दर महिन्याला 'मी लिहिला होता' आणि 'वहीत नाही' यावरून दोन-तीन वाद ठरलेले. ही वही फोनवर आणायची, एवढंच आम्ही ठरवलं. समोर, म्हणजे फोनवर दिसणाऱ्या पानांसाठी, रिअ‍ॅक्ट; मागे सर्व्हरवर फास्टएपीआय; डेटा पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये. दोघं पुढचं बघणार, दोघं मागचं. मी मागच्या बाजूला.

पहिले तीन आठवडे आमचं काही जुळेना. कुठल्या पत्त्यावर काय पाठवायचं, हे मी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून द्यायचो. माझ्याकडे तारखेच्या फील्डचं नाव 'मील अंडरस्कोर डेट' होतं. फ्रंटएंड करणारी मैत्रीण जावास्क्रिप्टच्या सवयीने तेच 'मीलडेट' असं जोडून पाठवायची. सर्व्हरकडून ४२२ यायचा, म्हणजे 'पाठवलेली माहिती ठरल्या साच्यात नाही' असं सांगणारा एरर कोड. तिला वाटायचं सर्व्हर बिघडलाय, मला वाटायचं ही चुकीचं पाठवतेय. एका रात्री दीड वाजता दोघांनी एकाच स्क्रीनवर तो ४२२ उघडून नीट वाचला. त्यात सगळं होतं: चूक बॉडीत (पाठवलेल्या माहितीत) आहे, अमुक नावाचं फील्ड हवं आहे, ते आलेलं नाही. आम्ही आकडा बघून भांडत होतो, खालचा मजकूर कुणी वाचतच नव्हतं.

त्यानंतर आम्ही एक नियम केला, आणि माझ्या मते फास्टएपीआयची खरी किंमत त्यातच आहे. कोड लिहायच्या आधी फक्त पायडँटिकचं (आलेला डेटा तपासणारी पायथनची लायब्ररी) मॉडेल लिहायचं: कुठलं फील्ड, कुठला प्रकार, काय सक्तीचं, काय ऐच्छिक. तेवढ्यावरून फास्टएपीआय ओपनएपीआयचा (सर्व्हरला काय पाठवायचं, काय परत येतं हे मांडायची प्रमाण पद्धत) आराखडा बनवतं आणि ते सगळं दाखवणारं डॉक्सचं पान आपोआप उभं राहतं. त्या पानावर दोन्ही बाजूंनी बसायचं, बटण दाबून बघायचं, नावं पक्की करायची. मग मी दोन आठवडे नुसता खोटा डेटा परत देत होतो आणि समोरचं काम त्यावर पुढे सरकत होतं, माझ्यावाचून कुणाचं अडत नव्हतं. वेगळं डॉक्युमेंट ठेवलं असतं तर ते आठवड्याभरात जुनं झालं असतं. इथे कोड बदलला की पान बदलतं.

आता डिसेंबरची गोष्ट. काकूंनी अ‍ॅपवाल्यांना मुभा दिली होती, की दुपारचा खाडा त्याच दिवशी सकाळी सहापर्यंत चालेल. वेळ उलटली की फोनवरचं बटण बंद व्हायचं. सर्व्हर मात्र वेळ तपासत नव्हता, नुसती 'आजची' तारीख टाकत होता. सबमिशनचा आठवडा, सगळे जागे. रात्री एक-दोन वाजता पोरांनी 'आज दुपारी नाही' दाबलं आणि झोपली. दुपारी २३ ताटांचं अन्न उरलं. काकू रागावल्या नाहीत, पण म्हणाल्या, "अरे, वहीत असं कधी झालं नव्हतं रे." ते वाक्य आम्हाला फार लागलं.

संध्याकाळी डेटाबेस उघडला तर ते २३ खाडे सापडले, पण आदल्या दिवशीच्या तारखेवर. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, होतं. आपण साडेपाच तास पुढे, म्हणजे आपल्याकडे रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळेत सर्व्हरच्या लेखी अजून कालचाच दिवस असतो. आमच्या लॅपटॉपवर हे कधीच दिसलं नाही, कारण लॅपटॉप भारतीय वेळेवर. आता वेळ टाइमझोनसकट साठवतो, 'आज' काढताना आशिया/कोलकाता स्पष्ट लिहितो, आणि सहाची मर्यादा सर्व्हरवर तपासतो. यात फास्टएपीआयचा दोष काहीच नाही. पण पायडँटिक इतकं काटेकोर तपासतं, की आलेलं सगळं बरोबरच आहे अशी खात्री वाटू लागते. ते तारखेचा साचा बघतं. ती तारीख कुणाच्या घड्याळातली, हे आपणच बघायचं असतं.

दुसरा मोठा धडा 'असिंक'चा, म्हणजे एका कामाची वाट बघताना सर्व्हरला दुसरं काम करू देण्यासाठी फंक्शनपुढे लावायच्या शब्दाचा. शिकताना सगळीकडे प्रत्येक फंक्शनपुढे असिंक दिसलं, म्हणून आम्हीही लावलं. आत मात्र डेटाबेसचं साधं, वाट बघायला लावणारं काम. १ जानेवारीला सकाळी सगळ्यांनी एकदम बिल उघडलं. एका बिलाची पीडीएफ बनायला दोन-अडीच सेकंद, आणि तोवर बाकी सगळे खोळंबलेले. साधं खाड्याचं पानही उघडेना. कारण असिंक फंक्शन थेट इव्हेंट लूपवर, म्हणजे सगळ्यांच्या विनंत्या हाताळणाऱ्या एकाच रांगेवर, चालतं, आत काही अडलं की सगळंच अडतं. साधं फंक्शन लिहिलं तर फास्टएपीआय ते वेगळ्या थ्रेडवर (बाजूने चालणाऱ्या वाटेवर) पाठवतं. ११ फंक्शनांपुढचा तो एक शब्द काढला आणि पानं उघडू लागली. अधिकृत माहितीत हे स्वच्छ लिहिलंय, आम्ही ते जानेवारीत वाचलं. त्यानंतर डेटाबेसची कनेक्शनं संपू लागली, तेव्हा कळलं की डेटाबेसशी उघडलेलं सेशन बंद करायचंच राहिलंय. काम संपलं की सेशन आपोआप बंद करणारी यील्डवाली डिपेंडन्सी लावल्यावर तेही मिटलं.

तक्रारीही आहेत. सबॅस्टियन रामिरेझ यांनी २०१८ च्या डिसेंबरमध्ये फास्टएपीआय पहिल्यांदा आणलं, स्टारलेट (वेबवरच्या विनंत्या हाताळणारं पायथनचं साधन) आणि पायडँटिक यांच्या आधारावर. त्यामुळे पायडँटिक बदललं की आपल्यालाही बदलावं लागतं. २०२३ च्या जूनमध्ये पायडँटिकची दुसरी आवृत्ती आली आणि मेथडची, सेटिंगची नावं बदलली: डिक्टचं मॉडेल डम्प झालं, ओआरएम मोडचं फ्रॉम अ‍ॅट्रिब्यूट्स. नेटवरची निम्मी उत्तरं अजून जुनी आहेत. उत्तर उचलण्याआधी ते कुठल्या आवृत्तीचं आहे ते बघा, आमचा त्यात अख्खा एक रविवार गेला.

आणि अ‍ॅडमिन पॅनल, म्हणजे नोंदी बघायची-बदलायची तयार स्क्रीन, नाही. गाइड सर जँगो (पायथनचंच दुसरं फ्रेमवर्क) घ्या म्हणत होते ते यासाठीच. काकूंना नावं घालायला, दर बदलायला, चुकलेला खाडा दुरुस्त करायला स्क्रीन हवी होती. जँगोत ती जवळजवळ तयार मिळते, आम्हाला तीन आठवडे लागले. फायली कशा मांडाव्यात हेही फास्टएपीआय सक्तीने सांगत नाही. डिसेंबरपर्यंत आमचं सगळं एकाच फाइलमध्ये होतं, ९०० ओळी, आणि दोघांनी एकाच वेळी हात घातला की दोघांचे बदल मर्ज (एकत्र) करताना जीव मेटाकुटीला यायचा. राउटर (एका विषयाच्या पत्त्यांचे गट) पहिल्या आठवड्यातच वेगळ्या फायलींत करा. तुमच्या प्रोजेक्टमध्ये ऑफिससारखं नोंदी भरण्याचं काम जास्त असेल आणि समोरचं पान वेगळं बनवणारं कुणी नसेल, तर जँगोच घ्या. टीम दोन बाजूंनी वाटलेली असेल तर मी पुन्हा हेच घेईन.

वही अजून दाराशी टांगलेली आहे. नेट गेलं की पोरं त्यात लिहितात आणि रात्री आमच्यातलं कुणीतरी त्या नोंदी अ‍ॅपमध्ये घालतं. गेल्या आठवड्यात काकूंनी आणखी एक काम सांगितलं: कुणाचे आईवडील आले तर पाहुण्यांची ताटंही आधी कळायला हवीत. मॉडेल लिहून झालंय: तारीख, वेळ, किती जण, कुणाचे पाहुणे. शनिवारी चौघं डॉक्सच्या पानावर बसून नावं पक्की करणार आहोत.